पत्रीचे भक्त

पलूस तालुक्यात भाषणाला उभा राहिलेला माणूस, विषय ऊसदराचा असो की पाणीपट्टीचा, अखेर पत्रीवर, प्रतिसरकारच्या त्या शिक्षेवर, येतो. यंदाच्या ऑगस्टमध्येही आला. क्रांतिदिनाच्या एका कार्यक्रमात वक्त्यांनी वाढत्या गुन्हेगारीवर उपाय सांगितला: पोलिसांचे हात मोकळे सोडा, मानवाधिकारवाल्यांना घरी बसवा, नाना पाटलांच्या सरकारने तरी दुसरे काय केले होते? टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे मित्र होते, म्हणून हा लेख. शत्रूंसाठी दिवाळी अंकाची पाने कोण खर्ची घालतो?

वक्त्यांचा सूर त्यांच्या एकट्याचा नव्हे. सप्टेंबर 2024 मध्ये बदलापूरच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या ताब्यात, त्यांच्याच गाडीत, गोळी लागून मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक झळकले. गुन्हा इतका घाणेरडा होता की, ‘मेला कसा?’ एवढे विचारणाराही गुन्हेगाराचा सोयरा ठरला. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत बोट पोलिसांकडेच वळले, तेव्हा फलक लावणारे दुसऱ्या फलकांत गुंतले होते. तर हा सूर महाराष्ट्रभर आहे. पण बाकीच्यांना पुरावा म्हणून सिनेमा लागतो. आमच्याकडे इतिहास आहे. कुंडल पलूसच्या शेजारीच. 1943 ते 46 या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांना समांतर सरकारचा, कारभार तिथून चालला. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना तिथलीच. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराचा खजिना लुटणारी तीच. या वारशाच्या नावाने आज कुणी लॉकअपमधल्या पट्ट्याचे समर्थन करू लागला, तर हिशेब आम्हालाच करावा लागणार.

तो हिशेब सोपा नाही. पायाला पत्रे ठोकत, ही दंतकथा मानली तरी तळव्यांवर काठ्या मारत, हे जुन्या कार्यकर्त्यांच्या सांगण्यात येते. गावगुंड, खबरे, नाडणारे सावकार, बायकांच्या वाटेला जाणारे यांना ही शिक्षा. तळव्यांवरच्या माराला जगभरच्या डॉक्टरांत ‘फलांगा’ म्हणतात. ग्रीसच्या लष्करी राजवटीने (1967–74) तो सर्रास वापरला. छळाच्या खुणा वैद्यकीय तपासणीत कशा नोंदवाव्यात, हे सांगणाऱ्या 1999 च्या इस्तंबूल प्रोटोकॉलमध्येही त्याची स्वतंत्र दखल आहे. कारण उघड आहे: वरून खूण फारशी राहत नाही आणि चालताना दुखणे मात्र वर्षानुवर्षे सोबत करते. आम्ही ज्याचे चित्ररथ काढतो, ते जगाच्या यादीत कुठल्या रकान्यात बसते, हे वक्त्यांना ठाऊक नसावे. ठाऊक असेल तर गोष्ट आणखी वाईट.

पत्री म्हणजेही छळच, या आक्षेपाला माझे एक ठरलेले उत्तर आहे. बऱ्याच व्यासपीठांवर मी ते दिले आहे. इंग्रजी कोर्टाची पायरी गरिबाला परवडत नव्हती आणि परवडली तरी न्याय सावकाराच्या बाजूचा. अशा वेळी निवाडा गावासमोर झाला. आरोप काय, साक्षीदार कोण, काठी कुणाच्या हातात, हे सगळ्यांना दिसत होते. लॉकअपातला मार बंद दाराआड असतो, नाकारता येतो. पत्री उघड होती, नाकारण्याजोगी नव्हती. फरक आहे तो या उघडेपणाचा.

बंद दार म्हणजे काय, हे सांगलीला नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर 2017 मध्ये अनिकेत कोथळे हा तरुण सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत मेला. पोलिसांनी सांगितले, आरोपी पळून गेले. प्रत्यक्षात मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. खुनाचा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. यातले सर्वांत भयंकर वाक्य मला ‘पळून गेले’ हेच वाटते. मारहाण ही दोन-चार जणांची क्रूरता म्हणून सोडता येईल. पण माणूस ताब्यात असताना तो नव्हताच असे लिहायला दफ्तर लागते, सही लागते, शिक्का लागतो. गुप्त कोठडी म्हटले की आपल्याला दूर समुद्रातले एखादे बेट आठवते. ती भर बाजारपेठेतल्या ठाण्यातही असू शकते. स्टेशन डायरीत एक ओळ खोटी घातली की झाले.

इथे मला जाँ अमेरीकडे जायचे आहे, आणि वाचकाने जरा धीर धरावा, कारण या माणसापाशी मी लवकर आटोपत नाही. ऑस्ट्रियात जन्मलेला हा लेखक, मूळ नाव हान्स मायर. 1943 च्या जुलैत ब्रसेल्समध्ये गेस्टापोने त्याला नाझीविरोधी पत्रकांसह पकडले. (त्याच जुलैच्या 24 तारखेला वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. इतिहास कुणाला दार देतो, कुणाला आकडा.) ब्रेंडोंकच्या किल्ल्यात अमेरीचे हात पाठीमागे बांधून आकड्याला टांगले, खांदे निखळले. पुढे ऑशवित्झ. या सगळ्यावर त्याचे पुस्तक आले ते 1966 मध्ये, आणि 1978 मध्ये त्याने आत्महत्या केली.

अमेरी वेदनेचे वर्णन फार करत नाही. त्याचा सगळा भर पहिल्या फटक्यावर आहे. माणूस जगात वावरतो तो एका न बोललेल्या भरवशावर: कुणी माझ्या अंगाला हात लावला, तर कुणीतरी धावून येईल. बांधलेल्या अंगावर पहिला फटका बसतो आणि कुणी येत नाही. तिथे हा भरवसा मोडतो. हाडे जुळतात, तो जुळत नाही. हे वाचताना मला ब्रसेल्सऐवजी भवानीनगर दिसते. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी तिथल्या पोलीस ठाण्यासमोर घरगुती भांडणाचे सोंग वठवले होते. मार खाणाऱ्या बाईची भूमिका त्यांची. आरडाओरडा ऐकून पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्या वेळात साथीदारांनी आतली शस्त्रे लांबवली. पथनाट्याचा याहून फायदेशीर प्रयोग मराठी रंगभूमीवर झाल्याचे ऐकिवात नाही. पण गंमत बाजूला ठेवा. हा बेत कशावर उभा होता? बाई मार खाताना दिसली की पोलीसही धावतो, या भरवशावर. ज्या ठाण्याच्या दारात तो भरवसा शाबूत होता, त्याच ठाण्याच्या आत तो मोडला जात असे.

वक्त्यांनी अमेरी वाचला असता तर मला अडवायला त्यांच्या हाती चांगले हत्यार आले असते, म्हणून ते मीच पुढे करतो. अमेरी अहिंसावादी नव्हता. ऑशवित्झमध्ये एका मुकादमाने त्याला मारले, तेव्हा त्याने उलट त्याच्या तोंडावर ठोसा लगावला आणि मग बेदम मार खाल्ला. त्या ठोशाने आपल्याला माणूसपण परत दिले, असे तो मानत राहिला. मग जन्मभर सावकाराचा मार खाल्लेल्या कुळाने एकदा काठी उचलली तर अमेरीने टाळीच वाजवली असती, असे कुणी म्हणेल. शेणोलीला, तुरुंग फोडण्याला, समोरासमोरच्या चकमकीला वाजवलीही असती. पण अमेरीचा ठोसा बसला तो आपल्याहून धिप्पाड, मोकळ्या हातांच्या माणसाला. पत्रीतला माणूस धरून ठेवलेला, पाय बांधलेला. कालपर्यंत तो कितीही माजलेला असो, त्या घटकेला तो अमेरीच्या जागी होता आणि काठीवाला ब्रेंडोंकच्या जागी.

आणि इथे उघडेपणाचा माझा ठरलेला मुद्दा माझ्यावरच उलटतो. बंद दाराआड मार खाणारा निदान म्हणू शकतो, बाहेर कुणाला कळले असते तर आले असते. चावडीपुढे मार खाणाऱ्याला तेवढाही आधार नाही. सगळा गाव समोर आहे आणि कुणी येत नाही. भरवसा मोडण्याच्या मापाने पाहिले तर उघडी पत्री बंद कोठडीपेक्षा हलकी ठरत नाही. प्रतिसरकारचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. त्याने गावातल्या गावात निवाडे केले, कमी खर्चाची गांधीलग्ने लावली, सावकारीला चाप लावला. त्याच्या वारशात घेण्याजोगे इतके असताना नेमकी काठीच उचलणारे त्याचे भक्त नव्हेत, काठीचे भक्त.

उलट धावून जाण्याची परंपराही याच खोऱ्यातली आहे. डिसेंबर 1975 मध्ये, आणीबाणीत, कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले आणि मांडव उभा राहिला. घोषणा नाही, दगड नाही; सरकारने स्थानबद्ध केलेल्या आणि नुकत्याच सोडलेल्या माणसाचे नाव त्याच सरकारच्या मंत्र्यासमोर मोठ्याने घेतले गेले. 1943 च्या सुमारास भूमिगत यशवंतरावांपायी त्यांच्या पत्नी वेणूताईंना तुरुंगात जावे लागले होते. त्या मांडवात बसलेल्या नवऱ्याला ते आठवले की नाही, हे त्यांनाच ठाऊक. दुर्गाबाईंना पुढे अटक झाली. आजच्या संमेलनांत मंत्र्यांच्या खुर्च्यांचा क्रम चुकला तर जास्त खळबळ होते.

1983 मध्ये अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या लोकांनी लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या माणसांच्या पूर्ण उंचीच्या कागदी आकृत्या काढून शहरभर भिंतींवर डकवल्या. सरकार म्हणत होते, अशी माणसे नाहीतच. भिंती म्हणू लागल्या, इथे आहेत. कऱ्हाडचे उभे राहणे, त्या आकृत्या, अनिकेतसाठी पाळलेला सांगली बंद, या सगळ्यांचे काम एकच: जो माणूस नाही असे दफ्तर सांगते, तो आहे असे चारचौघांत सांगणे. अमेरीसाठी कुणी आले नाही. उशिरा का होईना, कुणीतरी आले, एवढेच निषेध करू शकतो, आणि ते थोडे नाही.

मात्र निषेध मेल्यानंतरच करावा असे कुठे आहे? डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले की अटकेची वेळ-तारखेसह नोंद करा, साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकांना कळवा. 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली. त्याला मान्यता अजून बाकी आहे, आणि 2010 मध्ये लोकसभेने मंजूर केलेले विधेयक कायदा न होताच संपले. दिल्लीची ही उधारी आपल्याला पलूसमधून वसूल करता येणार नाही. पण जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे 37 वे कलम आपल्या आवाक्यातले आहे. अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळकपणे दिसेल असे लावायचे, असे ते सांगते. तालुक्यातल्या किती लोकांनी असा फलक कधी वाचला आहे?

तेव्हा माझा प्रस्ताव असा. आठवडी बाजाराच्या दिवशी दहा माणसांनी ठाण्यात जायचे, फलकावरची नावे मोठ्याने वाचायची आणि परत यायचे. फलक नसेल तर का नाही, हे लेखी विचारायचे. नाव चोराचे असले तरी वाचायचे, बलात्काराच्या आरोपीचे असले तरी वाचायचे. खरी परीक्षा तिथेच आहे, कारण लाडक्या माणसासाठी धावून जायला तत्त्व लागत नाही. प्रतिसरकारचा उघडेपणा हवा असेल तर तो काठीविना असा घेता येतो. ऑगस्टमधल्या वक्त्यांनाही माझे आमंत्रण आहे. त्यांचा आवाज खणखणीत आहे; पहिल्या दिवशीची नावे त्यांनीच वाचावीत.