लव्हाळ्याचें लवणें
(यशया ५८:५)

शास्त्रांतील कांहीं शब्द दिसावयास लहान असतात. परंतु ते भलत्या अर्थानें ऐकिले असतां संदेष्ट्याचें बोलणें उलटें होतें. लव्हाळा हा त्यांतलाच एक.

निर्गम २:३ येथें बाळ मोशाची पेटी लव्हाळ्याची होती, असें आपण मराठींत वाचतों. तेथें इब्री शब्द 'गोमे' आहे. ही नील नदीच्या दलदलींत दोन पुरुष उंच वाढणारी, तीनधारी देठाची वनस्पति. मिसरी लोक तिचा कागद करीत व होड्याही बांधीत. आपला नागरमोथा तिच्याच कुळांतला आहे, म्हणून लव्हाळा हा शब्द वावगा नव्हे. यशयाच्या ह्या वचनांत मात्र मूळ शब्द निराळा, 'अगमोन'. 'अगम' म्हणजे पाणथळ जागा. तेथें उगवून वाऱ्यापुढें मान टाकणारें तें अगमोन. त्यालाही मराठींत लव्हाळाच म्हटलें आहे.

खरी अडचण पुढेंच आहे. पंचगंगेच्या कांठच्या माणसास लव्हाळा म्हटला कीं तुकोबा आठवतात. त्यांनीं त्याला नम्रतेचा मान दिला. २००५, २०१९ व २०२१ सालचे पूर ज्यांनीं कोल्हापुरांत पाहिले, त्यांस तो दाखला समजावून सांगावा लागत नाहीं. तेव्हां उपवासाच्या दिवशीं लव्हाळ्यासारखी मान लवविणारा मनुष्य आपल्या कानांस भक्तच वाटतो. संदेष्टा तर त्याला दोष देत आहे!

पाणी ओसरलें कीं लव्हाळा पुन्हा ताठ होतो. तुकोबांच्या दृष्टांतांत तेंच त्याचें तरणें. माझ्या मतें यशयाचा रोख नेमका त्यावरच आहे. दिवसभर मान खालीं, आणि त्याच दिवशीं मजुरांस राबवून घेणें (वचन ३). आपल्या उसाच्या मुलुखांत हें समजण्यास कोश नको. तोडणीच्या टोळीचा हिशेब महिनोन्‌महिने अडकवून ठेवणारा मालक प्रार्थनेंत सर्वांहून अधिक वांकला, तर टोळींतल्या बाईला तें अगमोन बरोबर ओळखतां येतें.

उपदेशक बंधूंनीं खेड्यांत हा अध्याय वाचतांना पांचव्या वचनाशीं थांबूं नये. थांबल्यास मंडळी लव्हाळ्याची स्तुति ऐकून घरीं जाईल. देवाला कोणता उपवास हवा, तें सहाव्या व सातव्या वचनांत आहे: जुंवाचीं बंधनें सोडणें, भुकेल्यास आपल्या भाकरींतून वांटा देणें, निराश्रितास घरांत घेणें, उघड्यास वस्त्र देणें. मान किती लवली हें तेथें विचारिलेलें नाहीं.