हवा गेल्यावर

कॅटलॉग जरा मिटून ठेवा. आधी फक्त एक व्हॉल्व्ह मनासमोर आणा. बॉयलरकडून येणाऱ्या वाफेच्या लाइनवरचा, पाव फेऱ्यात उघडणारा बॉल व्हॉल्व्ह. त्याच्या डोक्यावर तुम्हाला हवेवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर बसवायचा आहे.

आता मनातच लाइट घालवा. कॉम्प्रेसर थांबला. गेजचा काटा खाली उतरतोय, उतरू द्या. या घटकेला हा व्हॉल्व्ह कसा असलेला चालेल? वाफ किंवा इंधन असेल, तर बहुधा बंद. रिअ‍ॅक्टर थंड ठेवणारं पाणी असेल, तर उघडा. कुठेही राहिला तरी बिघडत नसेल, तर डबल अ‍ॅक्टिंग घ्या. तो लहानही आणि स्वस्तही. बाकी ठिकाणी स्प्रिंग हवी. माझ्या मते अर्धी निवड इथेच होते, आणि चौकशीच्या फॉर्मवर नेमकी हीच गोष्ट एका ओळीत उरकतात.

त्या स्प्रिंगपाशी थोडं थांबा. हवा आत येते तेव्हा तिला व्हॉल्व्ह फिरवायचा असतो, वर स्प्रिंगही दाबायची असते. परतीच्या वाटेवर स्प्रिंग एकटीच. पूर्ण दाबलेली असताना तिचा जोर सर्वांत जास्त. सुटत जाते तसा टॉर्क घटतो आणि शेवटी सर्वांत कमी उरतो. बॉलला सीटमध्ये घट्ट बसायचं असतं ते तिथेच.

पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा, बराच काळ न हललेला बॉल पहिल्या हिसक्याला जास्त जोर मागतो. समजा, व्हॉल्व्ह बनवणाऱ्याने हा टॉर्क ६० न्यूटन-मीटर सांगितला. वर २५ टक्के धरा, ७५ झाले. सावधपणे निवडायचं तर स्प्रिंगच्या शेवटच्या टोकालाही एवढे मिळायला हवेत.

मग हवेकडे वळा. कॉम्प्रेसरच्या खोलीत ७ बार दिसतात, पण लाइनच्या टोकाला, सगळी यंत्रं एकदम चालू असताना, किती पोचतात? कदाचित ५. तेवढ्यावरच हिशेब करा. प्रेशर घटलं तरी स्प्रिंग आपला वाटा सोडत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या वाट्याचा टॉर्क प्रेशरपेक्षा वेगाने आटतो.

अ‍ॅक्च्युएटर एक साइज मोठा निघेल, खरेदीवाले कुरकुरतील. त्यांना ५ बारचा आकडा दाखवा. आणि पाइपच्या उष्णतेचंही आताच बघा : साध्या नायट्राइल सीलना ८० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, तेव्हा मधे उंच ब्रॅकेट मागवा.