हौसेचे श्रम

श्रमांना आपल्याकडे नैतिक प्रतिष्ठा आहे, व ती असावी हे योग्यच होय. परंतु गरज नसता केवळ हौसेखातर केलेल्या श्रमांना त्या प्रतिष्ठेत वाटा मिळावा की नाही, हा प्रश्न फारसा कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. ऐन उन्हाळ्यात डोंगर चढून आलेल्या सुशिक्षित तरुणाच्या मुद्रेवर जे समाधान असते, त्यात आनंद किती आणि पुण्य पदरी पडल्याची भावना किती, याची एकदा वाटणी करून पाहिली पाहिजे.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर-तिरोडी लोहमार्गावरील गोबरवाहीपासून जवळच चिखला हे गाव आहे. सातपुड्याच्या टेकड्या येथे अगदी हाताशी येतात. मे महिन्यात त्यांवरील रानाला अरण्य म्हणताना जीभ अडखळते; साग निष्पर्ण, सालई उघडी, सावली म्हणून शोधावी लागते. एक तेंदू तेवढा कोवळ्या पानांनी भरलेला. नेमक्या याच दिवसांत त्याचे पान विडीस योग्य होते, म्हणून याच दिवसांत गावेच्या गावे रान चढतात. पहाटे निघावयाचे, ऊन तापण्याच्या आत गाठोडे घेऊन उतरावयाचे, दुपारी घरातील लहानथोरांनी मिळून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधावयाची आणि सायंकाळी ती फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यावयाची. अशी हजार पुडकी भरली म्हणजे एक प्रमाण गोणी होते. वाचकांनी पानांचा हिशेब करून पाहावा.

एका मे महिन्यात काही विद्यार्थ्यांसह आम्ही तेथील एक माथा गाठावयास निघालो असता अशाच काही बाया उतरताना भेटल्या. त्यांतील एकीने विचारले, "वरतं का आहे जी?" आमच्यातील एकाने उत्तर दिले, "काही नाही आजी, सहज चाललो." ती हसली नाही, रागावलीही नाही. तिला उत्तराचा अर्थच लागला नसावा.

इटालियन कवी पेट्रार्क २६ एप्रिल १३३६ रोजी फ्रान्समधील व्हाँतू पर्वतावर केवळ पाहण्याच्या इच्छेने चढला. त्यासही वाटेत एक म्हातारा मेंढपाळ भेटला होता. आपण पन्नास वर्षांपूर्वी वर गेलो होतो, पण श्रम आणि काट्यांनी फाटलेले कपडे यांखेरीज काही हाती लागले नाही, असे सांगून त्याने परत फिरण्याचा सल्ला दिला. पेट्रार्कच्या या चढाईत कित्येक पंडितांना नव्या युगाची पहाट दिसते; मेंढपाळाकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. आमच्या मते त्याचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते.

येथे कोणी कांटचा आधार घेईल. सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असावा लागतो, आणि गरज भागल्यावाचून रसिकता ओळखता येत नाही, असे त्याने १७९० च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे. असेल. परंतु कोणते पान कोवळे, कोणते किडलेले, हे चालता चालता निवडणारी ती दृष्टी, तिला उपयोग आहे एवढ्यावरून आमच्या दृष्टीहून हलकी कशी ठरते? आम्हांस तर त्या झाडीत तेंदू कोणता तेही सांगावे लागले असते, असे आमचे दोघेतिघे विद्यार्थी होते!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तपही स्वेच्छेनेच केले जाते ना? होय, पण तपस्वी संकल्पाने स्वतःस बांधून घेतो. महाशिवरात्रीस याच तालुक्यातील गायमुखच्या यात्रेस जाणारा भाविक नवसाला बांधलेला असतो. हौशी गिरिविहारी कोणालाच काही देणे लागत नाही. कोणत्याही वळणावरून त्याला परत फिरता येते. ही मुभा त्याच्या श्रमांना खेळ बनविते. खेळ वाईट नव्हे. खेळाला तप म्हणणे वाईट.

शिवाय ही मुभा दुसऱ्यांच्या श्रमांवर उभी असते. चिखल्याच्या भूमिगत खाणीतून निघणारे मँगनीज पोलाद तयार करण्यास लागते. ही खाण चालविणाऱ्या सरकारी कंपनीची स्थापना १९६२ साली झाली. खोदकाम त्याहून कितीतरी जुने. डोंगर चढणाऱ्याच्या हातातील पाण्याची बाटली पोलादाचीच असते. तेंदूपानासारख्या गौण वनोपजावर वनवासीयांची मालकी २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केली. सहज चाललेल्यास मात्र आपला हक्क कधी सिद्ध करावा लागला नाही.

मग डोंगर चढू नये काय? अवश्य चढावा. चार तासांच्या चढाने गुडघ्यांना जे कळते ते आमच्या व्याख्यानांनी कळत नाही. पण ते घाम निथळत असेतोच कळते. घरी पंख्याखाली बसून त्याचे वर्णन होऊ लागले की शिखर राहते, दूरवरची निळी रांग राहते, आणि गाठोडे घेऊन उतरणारी ती बाई, जिने एकच साधा प्रश्न विचारला होता, वर्णनातून गळते.