चोर कोण? (गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १६)



खरं सांगतो, आजचे हे पाच श्लोक मी बरीच वर्षं टाळत आलोय. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस आणि कर्मापासून यज्ञ, असं एक चक्र भगवंत अर्जुनाला सांगतात. ‘यज्ञापासून पाऊस’ आलं की माझ्यातला इंजिनिअर अडून बसायचा. तूप जाळून ढग येतात होय? माउलींनी इथे स्वधर्मालाच यज्ञ म्हटलंय. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या ‘गीता प्रवचनां’त यज्ञाचा अर्थ आणखी सरळ केलाय: आपल्या वापराने सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणं. हे वाचलं होतं, पण डोक्याच्या खाली उतरलं नव्हतं.

ते उतरलं १ मे २०१८ ला, माण तालुक्यातल्या एका माळावर. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं ते तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी, २०१६ ला, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं होतं, म्हणजे सातारा जिल्ह्याला हे नवं नव्हतं. महाराष्ट्र दिनाला शहरातल्या लोकांनी गावात येऊन महाश्रमदान करायचं, अशी हाक होती. पुण्याहून आम्ही ऑफिसचे दहा-बारा जण गेलो. टोप्या, गॉगल, मोबाईल, सगळा थाट. शेजारी घमेलं उचलणाऱ्या आजी म्हणाल्या, “फोटू मागनं काढ बाबा, ऊन चढायच्या आत खण.”

सकाळभरात मी समतल चराचा कसाबसा एक घनमीटर खणला. हाताला फोड आले. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. पावसाळ्यात चर चार-पाच वेळा भरला असं धरलं, तर माझ्या वाट्याचं पुण्य पाच हजार लिटर. (त्या वर्षीचं पहिलं बक्षीस पुढे माणमधल्याच टाकेवाडीला मिळालं. आमच्या फोडांचा त्यात काही संबंध नाही.)

चर खणून पाऊस येत नाही, हे मान्य. पण पूर्वी महिनाभर रिपरिप पडायचा तो आता दोन दिवसांत कोसळतो आणि मग तोंड फिरवतो. २०१९ ला उन्हाळ्यात माण, आटपाडी, जतकडे जनावरं छावणीत होती. त्याच ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. माझ्या मामाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं आणि सुटतं तेव्हा एकदम सुटतं. हवा तापवली कोणी? माळावरच्या आजींनी तर नाही. आमच्या एसी, गाड्या आणि सर्व्हरनी त्यांच्यापेक्षा कैक पटीने जास्त. चक्र आम्ही मोडायचं आणि घमेलं त्यांनी उचलायचं.

पण आज लिहायला बसलो ते बाराव्या श्लोकासाठी. देवांनी दिलेलं त्यांना परत काहीच न देता जो भोगतो तो चोरच, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. सोळाव्यात तर असं जगणंच व्यर्थ ठरवलंय.

आमचं गाव खटाव तालुक्यात. तिथेही त्याच उन्हाळ्यात लोकांनी चर खणले. पुढे चांगले पावसाळे झाले, विहिरी वर आल्या. आणि माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, दोन एकर ऊस लावला. बोअर होतीच. तिचे पैसे मीच पाठवले होते, आणि तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

नंतर गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायचा ठरवला. पाऊस किती, मुरलं किती, कोणत्या पिकाला लागणार किती. “तुला एक्सेल येतंय,” म्हणून काम माझ्याकडे आलं. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर. पाटाने पाणी दिलं तर उसाला वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर लागतं. आमच्याकडचा पाचशेएक मिलिमीटर पाऊस वजा केला तरी एकरी साठ लाख लिटर जमिनीतून उपसायचे. म्हणजे माझ्यासारखे बाराशे जण खणतील तेव्हा एक एकर ऊस. आमच्या घराचे दोन एकर, म्हणजे चोवीसशे माणसं.

ग्रामसभेत आकडे मलाच वाचायचे होते. आमच्या घराची ओळ गाळायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. वाचली. सभा चिडीचूप.

घरी आल्यावर आबा म्हणाले, “गावाम्होरं चोर ठरवलंस व्हय मला?”

“आबा, बोअर माझ्या पैशाची हाय. मी पण त्यातच आलो.”

“ज्वारीला भाव न्हाई. उसाचं निदान बिल तरी निघतंय. तू म्हैन्याच्या म्हैन्याला पगार घेतोस, तुला सोपं हाय.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गीतेतही आयतं मिळालं नाही. जो परत देत नाही तो चोर, हे खरं. पण ज्याच्याकडे परत द्यायला उसाशिवाय काही उरत नाही, त्याला हा श्लोक पगारदार माणसाने ऐकवायचा का? मला वाटतं, आधी पगारदाराने स्वतःला ऐकवावा. त्या वर्षी मी गाडी बदलणार होतो, ते पैसे बाजूला ठेवले.

दोन दिवसांनी आबांचा फोन आला. “ठिबकला काय खर्च येतुया बघ जरा.” ठिबकने पाणी बरंच वाचतं, पण ऊस तो ऊसच. ठिबक बसलं. एका एकरावर आबांनी खोडवा ठेवला, दुसऱ्यावर हरभरा केला. या वर्षी काय लावणार, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही. रविवारी गावी जातोय.

उद्या श्लोक १७.

राम कृष्ण हरी.