शिवलेली वस्त्रे

(वाचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२)



यापो येथील टबीथेने एकही उपदेश केल्याचे लिहिलेले नाही. ग्रीक भाषेत तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ हरिणी. ती मरण पावली तेव्हा लोद येथून पेत्राला बोलावून आणले, आणि विधवा रडत रडत त्याला तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या.

आमच्या मंडळीतील एक आजी गेल्या महिन्यात प्रभूमध्ये निजल्या. चूल, लेकरे आणि सुईदोरा एवढेच त्यांचे जग. जुन्या लुगड्यांच्या वाकळी, क्रोशाचे रुमाल, रविवारच्या शाळेसाठी चिंध्यांच्या बाहुल्या. मी मात्र त्यांच्याशी 'सलाम, आजी' यापलीकडे कधी बोललो नव्हतो. अंत्यविधीला काय सांगावे म्हणून पुस्तके चाळीत बसलो. (पदविका येथे कामी आली नाही.) तेव्हा दाराशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "माझ्या तिन्ही लेकरांची दुपटी त्यांनीच शिवली. पैसे घेतले नाहीत." मग दुसरी बोलू लागली.

"पेत्राने टबीथेला उठवले, मग माझ्या आईला का नाही?" असे त्यांच्या लेकाने मला कबरस्तानात विचारले. मी घाईने उत्तर दिले नाही. टबीथाही पुढे पुन्हा निजलीच असेल; तिची व आजींची आशा एकच, शेवटल्या दिवसाचे पुनरुत्थान. तोवर रडणे म्हणजे अविश्वास नव्हे. त्या विधवांना रडल्याबद्दल पेत्राने दटावले नाही.

आजींची अर्धी राहिलेली वाकळ लेकाने मंदिरात आणून दिली आहे. सुई अजून तीतच आहे. गुरुवारी स्त्रियांच्या सभेनंतर ती पुरी करायला बसायचे ठरले आहे.