पाणी हलायची वाट

बसा.

अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडाची ही पायरी आहे. वरचा दगड रात्रभर गारठलेला. खालची पायरी कोमट. दोन्हींवर एकेक हात ठेवा आणि तसेच राहा.

पाय अजून पाण्यात घालू नका. आधी नुसतं बघा.

पौषातली सकाळ आहे. पाण्यावर वाफ आहे. पलीकडे तानसा वाहते, या दिवसांत तिचा आवाज फारसा येत नाही. गंधकाचा वास येतो, अंडी उकडल्यासारखा. नाक आधी मुरडतं, मग विसरून जातं.

श्वास आत घ्या. त्या वासासकट घ्या.

सोडा.

आता तळाकडे बघा. एक बुडबुडा सुटतो. वर येतो. फुटतो. मग काहीच नाही.

मग दुसरा.

पुढचा कधी येईल ते सांगता येत नाही. तो येईपर्यंत थांबा. मोजू नका.

हे पाणी कधीतरी पाऊस होतं. काळ्या कातळाच्या भेगांमधून ते खाली झिरपलं, फार खोल, जमिनीच्या पोटात ऊब आहे तिथपर्यंत. तिथून तापून परत वर आलं. गावची जुनी गोष्ट वेगळी आहे. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताने हे पाणी ऊन झालं, असं इथे सांगतात. काठावर महादेवाचं देऊळ आहे. आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने घरच्यांच्या गोष्टी ऐकाव्यात, आणि आपली प्रार्थना हळू आवाजात म्हणावी.

म्हणा, किंवा नका म्हणू. श्वास चालू आहे, तेवढं पुरे.

काही ऊन झरे थेट नदीच्या पात्रात आहेत. आषाढात तानसा चढते. लाल, गढूळ पाणी काठ गिळतं आणि ते झरे पुराखाली जातात. तेव्हाही ऊन पाणी खालून येतच असतं. पण वरून हात घातला तर हाताला गारच लागतं.

इथे जरा थांबा.

वर गार. खाली ऊन. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी.

आता तुमच्या पुराचं नाव घ्या. मनातच घ्या. भिवंडीत बंद पडलेला लूम असेल. घराचा हप्ता असेल. डॉक्टरांनी परत करून आणायला सांगितलेली एखादी तपासणी असेल. जेवताना मान वर न करणारा मुलगा असेल. किंवा प्रार्थनाच असेल, जी हल्ली ओठांपर्यंत येते आणि पुढे सरकत नाही.

नाव घ्या. त्याला तिथेच राहू द्या.

आपल्याला सवय लागलेली असते. दुःखाचं नाव घेतलं की लगेच त्यापुढे मागणं जोडायचं. आज मागू नका. एक श्वासभर ते दुःख आणि तुम्ही, दोघंच शेजारी बसा.

बुडबुडा आला?

आला असेल. नसेल तरी चालेल.

इथून जवळच वज्रेश्वरीचं देऊळ आहे. उंच पायऱ्या, भोवती किल्ल्यासारखा तट. पोर्तुगीजांची वसई जिंकू दे म्हणून मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला, असं सांगतात. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. नवस फिटला, देऊळ उभं राहिलं. ज्या पोर्तुगीज राजवटीने इथली देवळं पाडली होती, तिचं जाणं कितीतरी लोकांना सुटका वाटलं. ते खरंच आहे.

आता हीच तानसा डोळ्यांनी खाली खाली न्या. ती वैतरणेला मिळते. वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्रात उतरते. तिथून दक्षिणेला आगाशी, नंदाखाल, निर्मळ, पापडी. केळीच्या बागा, पानवेली, विहिरी. या गावांत ख्रिस्ती शेतकरी होते. आजही आहेत.

राज्य करणारे गेले. चर्चच्या घंटाही उतरल्या. वसईकडच्या त्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, अशा दूरदूरच्या देवळांत गेल्या. आजही तिथे त्या वाजतात, आणि आवाज चांगला आहे.

पण आपण इकडे बघू.

एक सकाळ मनात आणा. गावात घंटा नाही. एक बाई उठते. ही बाई मी कल्पनेतली घेते आहे, पण अशी कुणीतरी असणारच. ती उठते, कारण गाय हंबरते. चूल पेटवायची आहे. बागेला पाणी सोडायचं आहे. रोज या वेळेला घंटा व्हायची आणि हात आपोआप कपाळाकडे जायचा.

आज घंटा होत नाही.

तिच्याबरोबर थांबा. घाई नाही.

हात मांडीवर आहे. बाहेर कावळा ओरडतो. पुढे काय होणार, तिला ठाऊक नाही. फादर येतील का, पोराचा बाप्तिस्मा कोण करेल, शेजारी उद्याही शेजारीच राहतील का.

मग हात उचलतो. कपाळ. छाती. डावा खांदा. उजवा खांदा.

कुणी सांगितलेलं नसताना.

तुम्हीही हवं तर करा. हळू. हाताचं वजन जाणवेल इतकं हळू.

त्या घरांचे वंशज आज वाडवळी बोलतात, सामवेदी बोलतात, आणि मराठीत मिस्सा ऐकतात. मधल्या एवढ्या वर्षांत श्रद्धेचं मोठंसं काही घडताना दिसलं नसेल. गाय हंबरली असेल. हात उचलला असेल.

श्वास घ्या.

आता पाय पाण्यात सोडा. आधी टाचा. चटका बसेल, मग बसणार नाही.

पाय पाण्यात असतानाच आणखी एका पाण्याकडे जाऊ. योहानाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय. जेरुसलेम शहर, मेंढरांचं दार, बेथेस्दा नावाचं तळं. त्याला पाच पडव्या. पडव्यांमध्ये आजारी माणसं निजलेली आहेत. आंधळी, लंगडी, हातपाय वाळलेली. सगळ्यांची नजर पाण्यावर. पाणी हललं की पहिला जो उतरेल तो बरा होतो, असा सगळ्यांचा विश्वास. जुन्या जेरुसलेममध्ये संत आन्नाच्या चर्चजवळ त्या तळ्याचे अवशेष खणून काढले आहेत. दगड आहेत, पायऱ्या आहेत.

एका पडवीत एक माणूस आहे. अडतीस वर्षं आजारी.

त्याच्याजवळ बसा. काही बोलू नका.

त्याच्या अंथरुणाकडे बघा. कधीकाळी त्याला रंग असेल. आता अंगाचा वास आहे. त्याचे डोळे पाण्यावर आहेत. पाणी हलतं, कुणीतरी पुढे होतं, पाणी पुन्हा निवतं.

येशू येतो. गर्दीतून नेमका याच्यापाशी येतो. विचारतो, बरं व्हायचंय का तुला?

हा प्रश्न मला फार वर्षं कठोर वाटला. अडतीस वर्षं पडलेल्या माणसाला असं विचारतात का? आता वाटतं, इतक्या वर्षांत त्याला कुणी काही विचारलंच नसेल. अंथरूण ओलांडून लोक जात असतील.

तो हो म्हणत नाही.

तो म्हणतो, मला पाण्यात उतरवायला कोणी नाही.

हे शब्द ऐका. कोणी नाही. आपल्या घरांत हे किती आवाजांत ऐकलेलं असतं. दवाखान्याच्या बाकावर. कामावरून काढल्यावर, जिन्यात. मुलं परदेशी असलेल्या घरात, दुपारी तीन वाजता.

तुमच्या आवाजात ऐका एकदा. मग श्वास सोडा.

येशू त्याला पाण्यात उतरवत नाही. पाणी हलायची वाटही बघत नाही. उठायला सांगतो, अंथरूण उचलायला सांगतो, चालायला सांगतो. श्रद्धा आहे का तुझी, असंही विचारत नाही. आपल्याला कुणी उठवलं, हेसुद्धा त्या माणसाला आधी सांगता येत नाही.

ज्यांची प्रार्थना ओठांवर अडली आहे त्यांनी या ओळीपाशी जास्त वेळ बसावं. मीही बसते.

पाणी हललेलं नाही. तो उभा आहे.

आणि काखोटीला अंथरूण. ते तिथेच टाकून जाता आलं असतं. त्या दिवशी शब्बाथ होता, ओझं उचलायची मनाई, त्यामुळे रस्त्यात लगेच लोकांनी त्याला अडवलं. बरं झाल्याची पहिली सकाळ, आणि हातात जुनं अंथरूण, समोर हटकणारी माणसं.

मला हे ओळखीचं वाटतं. मिस्सा संपते, बाहेर पडतो, चपला शोधतो, आणि गेटापाशीच कुणीतरी भांडायला उभं असतं.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ही कथा सोप्या मराठीत आणली, त्यांच्या ‘सुबोध बायबल’मध्ये. त्याच फादरांनी हरित वसईसाठी लढा दिला. बागा वाचाव्यात, विहिरी आटू नयेत म्हणून धमक्या सोसून रस्त्यावर उतरले. काहींना वाटलं, धर्मगुरूने प्रार्थना करावी, विहिरींचं काय त्याला! २०२० मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही विरोध झालाच. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. अंथरूण काखोटीला मारून चालणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या त्या विहिरींवरून थोडंसं कळतं.

पायांना आता ऊब लागली असेल. ती घोट्यापर्यंत येऊ द्या. पोटऱ्यांपर्यंत.

आत बघा. मघाशी ज्याचं नाव घेतलं तो पूर अजून आहे का?

असेल. त्याला ढकलू नका.

त्याच्या खाली काही ऊन आहे का, एवढंच बघा. नाही लागलं हाताला, तरी हात मागे घेऊ नका. एक श्वास. आणखी एक.

आता पुन्हा एकदा बेथेस्दाला. निघायच्या आधी.

तो माणूस चालत गेला. त्याची जागा रिकामी आहे. बाकीच्या पडव्या तशाच भरलेल्या आहेत. त्यांचं काय झालं ते योहान सांगत नाही. मला ते बोचतं, आणि त्यावरचं कुठलंही प्रवचन मला पुरलेलं नाही. म्हणून मी या जागी उत्तर देत नाही. नुसतं बघते.

तुम्हीही बघा. एकेक चेहरा. कुणीतरी कुशीवर वळतं. कुणीतरी अजून पाण्याकडेच बघतं आहे.

त्यांतला एक चेहरा तुमच्या ओळखीचा निघेल. बळजबरीने आणू नका, येऊ द्या. हल्ली ज्याने बोलणं कमी केलंय असा कुणी. विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणणारी कुणी.

आला चेहरा?

त्याचं नाव घ्या, मनात. मग पाय बाहेर काढा, पुसा, चपला घाला. अंबाडी नाक्याकडे जाणारी रिक्षा वर रस्त्यावर मिळते. ती भरेपर्यंत वेळ असतो. त्या माणसाचा नंबर तुमच्याकडे अजून आहे का, ते तेवढ्यात बघा.