पावेल, पॉल, शाऊल, सॉल

जीव वाचावा म्हणून आईवडिलांनी मुलाला दुसऱ्या धर्माच्या ओटीत घातलं, आणि मुलगा त्या धर्मात मनापासून रमला. मग त्याचा धर्म कोणता?

दुसऱ्या महायुद्धात युरोपभर कॉन्व्हेंटांत आणि अनोळखी घरांत लपवलेल्या कितीतरी ज्यू मुलांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्यातल्या एकाने, सॉल फ्रीडलेंडर यांनी, १९७८मध्ये फ्रेंचमध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. इंग्रजीत ते पुस्तक ‘व्हेन मेमरी कम्स’ या नावाने मिळतं. नाझी काळाचे इतिहासकार म्हणून फ्रीडलेंडरांना पुढे २००८मध्ये पुलित्झर मिळालं, पण मला त्यांचं हे छोटं पुस्तकच जास्त छळतं.

पावेलचा जन्म १९३२चा, प्रागमधला. घर ज्यू, बोलणं जर्मन, आणि धर्म जवळजवळ नावापुरता. १९३९मध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं तेव्हा कुटुंब फ्रान्सला पळालं आणि पावेलचा पॉल झाला. १९४२मध्ये तिथेही धरपकड सुरू झाली. आईवडिलांनी त्याला माँल्युसाँ गावातल्या एका कॅथलिक निवासी शाळेत ठेवलं. बाप्तिस्म्याला संमती दिली. नवं नाव पडलं पॉल-आंरी फेर्लां.

वडील तेव्हा त्याच गावात इस्पितळात होते. मुलगा शाळेतून पळून थेट तिथे पोचला आणि पलंगाचे गज घट्ट धरून बसला. आईवडिलांनी त्याची बोटं सोडवून त्याला परत पाठवलं. हे पान मी एका दमात वाचू शकलो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दोघांनी स्वित्झर्लंडची सीमा ओलांडली. स्विस पोलिसांनी त्यांना पकडून फ्रेंचांच्या हवाली केलं, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना ऑशविट्झला नेणाऱ्या गाडीत चढवलं गेलं. खरा घाव पुढे आहे. त्या दिवसांत लहान मुलं बरोबर असलेल्या जोडप्यांना स्विस अधिकारी राहू देत होते. या दोघांबरोबर मूल नव्हतं, कारण ते त्यांनी सुरक्षित जागी ठेवलं होतं. फ्रीडलेंडर हे दोन-चार वाक्यांत सांगून पुढे जातात. मला जमत नाही.

इकडे शाळेत पॉल-आंरी भाविक झाला. नाटक म्हणून नाही, खरोखरच. निळ्या-पांढऱ्या वस्त्रातल्या मेरीच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले की त्याला आई जवळ असल्यासारखं वाटे. त्याला जेझुइट पाद्री व्हायचं होतं. पकडले जाऊ नये म्हणून दिलेला मुखवटा चेहऱ्याला चिकटला, असं इथे म्हणावंसं वाटतं, पण मला ते अन्यायाचं वाटतं. दहा वर्षांचं पोरकं मूल ज्याच्या आधारावर जगलं, त्याला खोटं कसं म्हणायचं? आणि आईवडिलांच्या संमतीला तरी संमती कसं म्हणायचं? मृत्यू दारात उभा असताना केलेली सही ती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ बसत नाही.

१९४६. मुलगा तेरा वर्षांचा, सेंत-एतियेनमध्ये जेझुइटांकडे आलेला. तिथल्या एका फादरच्या बोलता बोलता लक्षात आलं, की आईवडील गेले हे या मुलाला माहीत आहे, पण ते कसे गेले हे नाही. त्या माणसाने त्याला बसवून सगळं सांगितलं. आगगाड्या, गॅसच्या कोठड्या, भट्ट्या. ज्यूंविषयी तो आदराने बोलला. मुलाने काय व्हावं याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

थोडा विचार करा. समोर तयार, हुशार, श्रद्धाळू मुलगा आहे. गप्प राहिलं की एक पाद्री नक्की मिळणार. आणि ही कल्पनेतली शक्यता नव्हती. ग्रेनोबलच्या फिनाली भावंडांचे आईवडील १९४४मध्ये मारले गेले. ज्या बाईने मुलांना जपलं, तिनेच १९४८मध्ये त्यांचा बाप्तिस्मा केला आणि त्यांना नातेवाइकांकडे द्यायला नकार दिला. कोर्टात हरल्यावरही काही पाद्री आणि नन्सच्या मदतीने मुलांना लपवत स्पेनमध्ये नेलं गेलं. १९५३मध्ये ती परत मिळाली. त्या बाईने मुलांचे प्राण वाचवले होते, हे विसरून चालणार नाही. पण जीव वाचवणाऱ्याचा त्या जीवावर मालकी हक्क लागत नाही. श्रद्धा देणं हा गुन्हा नव्हे. मुलाला स्वतःची गोष्ट कळू न देणं, हा आहे.

सत्य कळल्यावर मुलाने जुनं आडनाव परत घेतलं. १९४८मध्ये पंधराव्या वर्षी ‘अल्तालेना’ जहाजाने तो इस्राएलला गेला आणि शाऊल झाला. याला आपण सहज ‘स्वधर्मात परतला’ म्हणून मोकळे होऊ. पण कुठला स्वधर्म? घरी तर प्रार्थनाही धड होत नव्हती. तो परतला तो मेलेल्या माणसांकडे. ज्या ओळखीला आईवडील फारसं महत्त्व देत नव्हते, तिच्याचपायी त्यांना मारलं गेलं. त्यांच्या मरणाने ती मुलासाठी टाळता न येणारी झाली. हे मला पटतं, आणि भीतीही वाटते. कारण मग आपण कोण हे ठरवण्यात मारेकऱ्याचाही वाटा राहतो.

मराठी बायबल वाचलेल्यांना शौलाची गोष्ट ठाऊक असेल: ज्यू शौल ख्रिस्ताचा प्रेषित झाला आणि जग त्याला पौल म्हणून ओळखू लागलं. फ्रीडलेंडर याच वाटेने उलटे चालले. पुढे सही करताना त्यांनी सॉल हे रूप निवडलं, शाऊल आणि पॉल यांच्यामधली तडजोड म्हणून. पूर्ण पुसलं काहीच नाही.

१९६४मध्ये त्यांचं एक पुस्तक आलं, पोप बारावे पायस आणि नाझी राजवट यांच्यावर. जर्मन परराष्ट्र खात्याची कागदपत्रं चाळून, ज्यूंची कत्तल चालू असताना पोप काय बोलले आणि कुठे गप्प राहिले, हे त्यात त्यांनी मांडलं.